विमानाची दोरी अडते तेव्हा



आपल्या गावावरून विमान गेले की तुम्ही सगळे माना वर करून ओरडता. मीही याच शाळेच्या अंगणात तसाच ओरडत असे. पुढे योग असा आला की एका विमान शिकवणाऱ्या क्लबाच्या हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मला मदतनिसाची नोकरी लागली. मग सारी उमर पाने आणि पकडी हातात धरण्यात गेली. परवा गुरुजी म्हणाले, "भित्तिपत्रकासाठी काहीतरी लिहा, पण पोरांना कळेल असं." म्हणून विमानातल्या दोऱ्यांविषयी लिहितो.

हो, दोऱ्याच! तुम्हांला वाटत असेल, विमानात सगळे विजेचे असते. मोठ्या विमानांत आता बरेचसे तसे आहे. १९८८ साली एअरबस ए-३२० हे प्रवासी विमान सेवेत आले, त्यात वैमानिकाचा हुकूम विजेच्या संदेशाने पोचतो. पण दोन-चार माणसांच्या लहान विमानांत बहुधा अजूनही पोलादी दोरीच असते. तिला आम्ही केबल म्हणतो. ही युक्ती जुनीच आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा ऑर्व्हिल राइट त्यात पालथा झोपला होता. कमरेखाली पाळण्यासारखी चौकट होती. कंबर इकडेतिकडे सरकवली की तारा ओढल्या जात आणि पंखांची टोके पिळली जात. दोघे भाऊ मूळचे सायकलवाले, हे विसरू नका.

आता विमान वळते कसे? प्रत्येक पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे, बिजागरीवर झुलणारी एक फळी असते. तिला एलेरॉन म्हणतात. वैमानिकाने हातातले चाक डावीकडे फिरवले की डावी फळी वर उठते आणि उजवी खाली येते. डावा पंख खाली झुकतो आणि विमान डावीकडे वळू लागते. चाकापासून फळीपर्यंत केबल जाते ती कप्प्यांवरून, आपल्या विहिरीच्या दोरासारखी. एक गंमत बघा, दोरीने ओढता येते, पण ढकलता येत नाही. म्हणून जायला एक आणि यायला एक अशी जोडी लागते. शेपटीवरच्या फळ्यांनाही अशाच जोड्या असतात.

केबल दिसायला बारीक असते. साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या केबलमध्ये १९ तारांची एक लड, अशा ७ लडी वळलेल्या असतात. म्हणजे तारा झाल्या १३३. अशी केबल तुटायला सुमारे ९०० किलोचा ताण लागतो. दोन बैल टांगले तरी चालतील! मग भीती कसली? भीती आहे घासण्याची. आपल्या जुन्या विहिरीच्या काठच्या दगडाला दोराने पाडलेल्या खाचा तुम्ही पाहिल्या आहेत ना? कप्पी फिरत असेल तर दोरही टिकतो आणि कप्पीही. ती अडली की दोर तिच्यावरून घसटत जातो, आणि मग दोघांचेही आयुष्य सरत येते.

१९८३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. एक शिकाऊ ताई सकाळी उड्डाणाला निघाल्या होत्या. उडण्याआधी चाक दोन्ही बाजूंना पुरते फिरवून बघायचे आणि फळ्या बरोबर हलतात का ते खिडकीतून पाहायचे, असा नियम आहे. त्यांनी चाक फिरवले आणि थांबल्या. डावीकडे नेताना मध्येच किंचित अटकल्यासारखे होई. पुन्हा फिरवले, पुन्हा तेच. बाहेर उभे असलेले कुणी म्हणाले, "जरा जोर लावा, सुटेल." खरेच, जोर लावला की सुटायचे. पण ताई इंजिन बंद करून खाली उतरल्या. म्हणाल्या, "मिस्त्रीकाका, मी हे नेणार नाही." काहीजण हसले. मिस्त्री मात्र हसले नाहीत.

माझ्या पोटात खड्डा पडला. कारण महिन्यापूर्वी त्याच विमानाची तपासणी झाली होती. कप्प्या हाताने फिरवून पाहण्याचे काम माझ्याकडे होते, आणि "सगळ्या फिरतात" असे मीच मिस्त्रींना सांगितले होते. पंखातल्या शेवटच्या कप्पीपर्यंत हात घालायचे भोक अरुंद होते, पत्रा तापलेला होता, आणि जेवणाची वेळ झाली होती. मी हात घातलाच नव्हता.

मी गुपचूप तेलाची बुधली घेऊन निघालो. मिस्त्री म्हणाले, "ठेव ती खाली. आधी अडलंय कुठं ते बघू. तेल सोडलंस तर खूण पुसली जाईल." आमच्या कामात तेलाचा असा मोह फार वाईट. उघड्या केबलवर तेल सोडले की त्यावर धूळ बसते, धूळ आणि तेल मिळून घासकागदासारखी लुकण होते. रॉकेलसारख्या पातळ द्रवात केबल बुडवून धुणेही चुकीचे, कारण कारखान्यात लडींच्या आत भरलेले वंगण त्याने निघून जाते. बाहेरून स्वच्छ फडक्याने पुसावे, एवढेच.

आम्ही पंखाखालची झाकणे काढली. मिस्त्रींनी हाताभोवती सुती फडके गुंडाळले आणि केबल मुठीत धरून ते सावकाश फिरवत नेले. उघडा हात कधी फिरवायचा नाही, बरे का. तुटलेल्या तारेचे टोक सुईसारखे बोटात घुसते. शेवटच्या कप्पीपाशी फडके अडकले आणि त्याचे धागे ओढले गेले. टॉर्च लावून पाहिले, तर कुंभारीण माशीने कप्पी आणि तिची पट्टी यांच्या मधल्या फटीत मातीचे घर बांधलेले! कप्पी जागच्या जागी गच्च. केबल तिच्यावरून घासत होती. तीन तारा तुटून त्यांची टोके उभी राहिली होती. कप्पीवरून केबल निसटू नये म्हणून तिथे एक पिन असते. डावीकडे नेताना ती टोके पिनेला अडकत. अटकायचे ते तिथे.

माती काढली, कप्पी उतरवली. एका बाजूने तिची खोबण झिजून सपाट झाली होती. इतकी झीज एका आठवड्यात होत नाही. मिस्त्रींनी कप्पी माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारले, "ही फिरवली होतीस?" मी नाही म्हणालो. ते रागावले नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त वहीत लिहून ठेवले आणि बाकीच्या दोन विमानांच्या कप्प्याही पुन्हा तपासायला लावल्या.

केबल बदलायची ठरली. जुनी काढताना तिच्या टोकाला मजबूत सुतळी बांधतात. केबल ओढली की सुतळी तिच्या वाटेने आत जाते, मग तिला नवी केबल बांधून उलटे ओढायचे. आई लेंग्यात नाडी घालते तसेच! जुनी केबल बाहेर काढून मिस्त्रींनी घासल्या जागी वाकवून दाखवली. वरून तीनच तारा तुटल्या होत्या, वाकवल्यावर आतल्या आणखी फुटून आल्या.

नवी केबल बसवली की ताण बघायचा. तो टर्नबकलने कमीजास्त करतात. त्याच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे, म्हणून मधली नळी फिरवली की दोन्ही टोके जवळ येतात. काही लहान विमानांत हा ताण ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो असतो. ढिली केबल कप्पीवरून उतरते, फार ताठ असेल तर चाक जड होते. त्यात ऊन-थंडीचाही खेळ आहे. पंख ॲल्युमिनियमचा आणि केबल पोलादाची. तापले की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. ५ मीटर लांबीत २० अंश तापमान वाढले, तर दोघांच्या वाढीत सुमारे १ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून दुपारी केबल ताठते आणि पहाटेच्या गारव्यात सैलावते. ताण मोजताना हँगरमधले तापमानही बघावे लागते.

मग नळी आपोआप फिरू नये म्हणून तिला बारीक तारेने बांधतात, काढलेली पिन परत घालतात, आणि चाक डावीकडे फिरवल्यावर डावी फळी वरच जाते ना, हे बघतात. केबल उलटसुलट जोडली तर विमान भलतीकडेच झुकेल! म्हणून हे काम करणाऱ्याने एकदा आणि दुसऱ्या जाणत्या माणसाने नव्याने एकदा, असे दोनदा तपासायचे असते.

दुसऱ्या जातीची केबल म्यानात असते, तुमच्या सायकलच्या ब्रेकसारखी. इंजिनाच्या दट्ट्यांना ती लागते. ती अडते गंजाने किंवा आत वाळलेल्या ग्रीसने. सायकलची असेल तर सोडवून उभी टांगा, वरच्या टोकाला कागदाचा शंकू करून थेंब थेंब पातळ तेल सोडा, रात्रभर ठेवा आणि सकाळी हळूहळू मागेपुढे करा. झटका मारलात तर आतली तार दुमडते, आणि दुमडलेली तार पुन्हा सरळ होत नाही. विमानात मात्र त्याच्या पुस्तकात सांगितले असेल तेवढेच करायचे, नाहीतर सरळ बदलायची. शिवाय नुसता दट्ट्या हलला म्हणून खूश व्हायचे नाही. इंजिनापाशी जाऊन तिकडची दांडीही शेवटपर्यंत जाते का, ते पाहायचे.

ताई तिसऱ्या दिवशी त्याच विमानातून उडाल्या. निघण्याआधी त्यांनी चाक दोन्हीकडे फिरवले, आणि मी पंखाखाली उभा राहून फळी बघत होतो.

ती झिजलेली कप्पी मिस्त्रींनी मला देऊन टाकली. ती आता गुरुजींच्या कपाटात ठेवली आहे. शनिवारी मागून घ्या आणि खोबणीतून बोट फिरवून सपाट झालेली बाजू शोधा. शेजारी जुन्या केबलचा तुकडा आहे, त्याला मात्र हात लावण्याआधी फडके गुंडाळा.