शुक्रवारी सकाळी पावणेनऊला

पावणेनऊची वेळ कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. डबे भरायचे, दूध उतू जाऊ द्यायचं नाही, कुणाचा तरी मोजा सापडत नसतो. पण १९५५ साली पुण्यातल्या कितीतरी घरांत शुक्रवारी नेमकी हीच वेळ सगळी कामं टाकून रेडिओपुढे बसायची होती. काही जणी तर रेडिओला हार घालायच्या, उदबत्ती लावायच्या. हसू नका. माझी आई त्यांतलीच एक. आमच्याकडे रेडिओ नव्हता. शेजारच्या काकूंकडे ती पदराला हात पुसत जायची आणि परत येताना चाल गुणगुणत यायची.

तुम्ही ओळखलंच असेल, मी ‘गीतरामायणा’बद्दल बोलते आहे. गाणी आपल्याला पाठ असतात, पण ती जन्माला कशी आली हे ठाऊक नसतं.

पुणे आकाशवाणी तेव्हा अगदी नवी होती, २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेली. तिथले अधिकारी सीताकांत लाड हे ग. दि. माडगूळकरांचे स्नेही. श्रोत्यांसाठी वर्षभर चालेल असं काहीतरी द्या, असं त्यांनी माडगूळकरांना गळ घालून सांगितलं. माडगूळकरांनी रामकथा निवडली, चाली सुधीर फडक्यांनी लावायच्या ठरल्या. दोघंही १९१९ सालचे, जुने मित्र. आणि फडक्यांचं मूळ नाव काय, तर रामचंद्र!

आठवड्याला एक नवं गाणं, म्हणजे वर्षाची बावन्न, असा साधा हिशेब होता. पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला. रामनवमी ते रामनवमी पुरायला गाणी छप्पन्न लागली. पंचांगाने कवीचं काम वाढवलं म्हणायचं! शुक्रवारी नवं गाणं, तेच पुन्हा शनिवारी आणि रविवारी. आज लिहिलेलं गाणं लगेच चाल लावून, गायक-वादकांकडून बसवून ध्वनिमुद्रित व्हायचं. हाताशी शिल्लक काही नाही. रोजच्या रोज दळण आणून स्वयंपाक करणाऱ्या घरासारखी गत.

त्यात पहिल्याच घासाला खडा लागला. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पहिलं गाणं जायचं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कागदच सापडेना. माडगूळकर म्हणाले, मी फडक्यांना दिलाय. फडके म्हणाले, मला मिळालाच नाही. माडगूळकर भडकले, पुन्हा लिहिणार नाही म्हणाले. तेव्हा लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावली, आणि पंधरा मिनिटांत गाणं पुन्हा कागदावर उतरलं, असं सांगतात. कागद कुणी हरवला, त्याचा निकाल काही लागला नाही. आपल्या घरातल्या किल्लीसारखंच झालं ते.

दुसरी आठवण माडगूळकरांच्या घरातली. सहावं गाणं रामजन्माचं. ते काही केल्या मनासारखं होईना. रात्र झाली, कागदावर कागद फाटले. पत्नी विद्याताईंनी विचारलं, अजून झालं नाही का? त्यावर उत्तर आलं ते असं, की प्रभू राम जन्माला येतोय, माडगूळकर नव्हे, वेळ लागायचाच! पण बायांनो, मला या गोष्टीत उत्तरापेक्षा तो प्रश्न जवळचा वाटतो. घरचं सगळं आवरून, जेवणाची ताटं झाकून जागी राहिलेली बाई मला त्यात दिसते.

गायला कोण कोण होतं! रामाची गाणी स्वतः फडके गायचे. सीतेसाठी माणिक वर्मा, कौसल्येसाठी फडक्यांच्या पत्नी ललिताबाई. वसंतराव देशपांडे होते, मालती पांडे होत्या, कादंबऱ्या लिहिणाऱ्या योगिनी जोगळेकरसुद्धा होत्या. व्हायोलिनवर प्रभाकर जोग. नवं गाणं झालं की वर्तमानपत्रं त्याचे शब्द छापत, आणि बायका ते कापून वहीत डकवत. १९५७ च्या दसऱ्याला सरकारच्या प्रकाशन विभागाने पुस्तक काढलं, तोवर आईची वही भरून जाड झाली होती. पुढे फडक्यांच्या आवाजात तबकड्या निघाल्या, आणि आपल्या पिढीला एकट्या फडक्यांचं गीतरामायण ठाऊक झालं. तेही सुरेखच. पण बायांची दुःखं बायांच्या गळ्यातून ऐकण्याची मजा निराळी.

कारण माडगूळकरांनी प्रत्येक गाणं कुणाच्या तरी तोंडी दिलं आहे. राजाच्या पराक्रमाआधी, तिसऱ्याच गाण्यात, वेलीवरची फुलं पाहून कळवळणारी निपुत्रिक कौसल्या येते. मूल नसलेल्या बाईला समारंभात मागे उभं करणाऱ्या त्या काळात ते गाणं किती जणींनी दार लोटून ऐकलं असेल!

आणि शेवट. चोपन्नावं गाणं सीतेच्या डोहाळ्यांचं. डोहाळजेवणात ते हौसेनं म्हटलं जातं, आणि म्हणावंच, इतकं गोड आहे. मात्र क्रमाने ऐकायला बसलात तर पुढचंच गाणं येतं ते रानात सोडलेल्या सीतेचं. लक्ष्मणालाच ती विचारते आहे, आता मी जाऊ कुठे? माझी आई डोहाळ्यांचं गाणं शेजारणींना शिकवायची. पंचावन्नावं तिनं वहीत लिहून घेतलं होतं, पण मोठ्यानं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

छप्पन्नावं गाणं १९ एप्रिल १९५६ ला, पुढच्या रामनवमीला झालं. त्यात वाल्मीकी लव-कुशांना सांगतात, जा, रामापुढे गा. पहिल्या गाण्यात ती मुलं रामापुढे गातच असतात. वहीचं शेवटचं पान उलटून आई पुन्हा पहिल्या पानावर यायची.