रँड अजून जिवंत आहे

अंकाची तारीख २९ जून १८९७, ठिकाण पुणे. नववीतल्या पाच-सहा जणांच्या गटाला वर्तमानपत्राचा असा अंक काढायला सांगितला, की पहिल्या पानावर ठळक मथळा हमखास येतो: ‘चाफेकर बंधूंनी केला जुलमी रँडचा वध’. इतिहासाच्या बाईंना लाल पेन उचलावे लागते ते इथेच. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड त्या दिवशी जिवंत होता. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याच्यावर गोळी झाडली गेली, पण तो मेला ३ जुलैला. त्या रात्री ठार झाला तो लेफ्टनंट आयर्स्ट. चाफेकरांचे नाव तर पोलिसांनाही ठाऊक नव्हते. दामोदर चाफेकर पकडले गेले ते काही महिन्यांनी.

‘गोंद्या आला रे’ हा मुलांचा लाडका मथळाही असाच बाद होतो. हल्ल्याच्या वेळी चाफेकर बंधूंनी वापरलेला हा इशारा लोकांना कळला कट उघडकीस आल्यावर, आणि घरोघरी पोचवण्यात ‘२२ जून १८९७’ या चित्रपटाचा वाटा मोठा.

हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके मराठी शाळांना नवीन नाहीत. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. जुन्या काळातले वर्तमानपत्र काढण्याचा उपक्रम त्याच वळणाचा. मात्र इथे तारीख आधी ठरते आणि त्या तारखेनंतर कळलेले काहीही छापायला बंदी असते. संपादक, बातमीदार, चित्रकार, जाहिरात सांभाळणारा अशी कामे गटात वाटली जातात. सगळ्यांत किचकट काम मुद्रितशोधकाचे. शुद्धलेखनाबरोबर तारखाही त्यालाच तपासायच्या असतात. कच्च्या प्रतीच्या समासात प्रत्येक वाक्यासमोर तो पेन्सिलीने लिहितो, ‘हे कधी कळले? कुठून कळले?’ उत्तर सापडले नाही, तर वाक्य गाळायचे.

आरोग्याच्या पानावर या चाळणीचा खरा कस लागतो. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता, तेव्हा तो छापायला हरकत नाही. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तीही बातमी चालेल. पण उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवले १८९८ मध्ये. म्हणजे पिसवांचे चित्र कितीही सुरेख जमले असले तरी ते काढून टाकावे लागते. मग मुलांच्या लक्षात येते, की प्लेगचे रुग्ण शोधायला गोरे शिपाई घरात शिरून सामान बाहेर काढत आणि माणसांना छावणीत नेत, तेव्हा रोग नेमका कसा पसरतो हे झडती घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि घरवाल्यालाही नव्हते. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत ही भीती कळत नाही.

वर्गात चार गट असतील, तर चौघांनी एकच पत्र काढू नये. एका गटाने ‘केसरी’च्या बाजूने लिहावे. ते साप्ताहिक होते आणि मंगळवारी निघे. २२ जूनही मंगळवारच. त्यामुळे त्या रात्रीच्या गोळीबाराच्या बातमीला पुढच्या अंकापर्यंत थांबणे भाग होते. दुसऱ्या गटाने मुंबईच्या इंग्रजी पत्राची बाजू घ्यावी. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने तेव्हा ‘केसरी’च्या लिखाणाकडे बोट दाखवले होते. तिसऱ्याने सत्यशोधक चळवळीतल्या ‘दीनबंधू’च्या नजरेने शहर पाहावे. त्या पत्राची धुरा वाहिलेले नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले, आणि रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला. चौथ्या गटाला व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचे वार्तांकन द्यावे. गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच समारंभाहून परतणाऱ्यांवर. चारही अंक भिंतीवर शेजारी शेजारी लावले, की एकाच शहराची चार रूपे दिसतात.

लिहिण्यातली जोखीमही या निमित्ताने कळते. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावरून त्याचे संपादक टिळक यांना २७ जुलैला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी. अग्रलेख लिहिणाऱ्या मुलीला हे सांगितले, की ती विशेषणे जपून वापरू लागते.

या उपक्रमाला खर्च जवळजवळ नाही. कार्डशीट, शाई आणि चार-पाच तासिका पुरतात. ‘केसरी’तल्या टिळकांच्या लेखांचे खंड गावातल्या जुन्या वाचनालयात बहुधा मिळतात. मुलांनी आधी ते चाळावेत आणि मगच लेखणी उचलावी. तारीख आपल्या गावाच्या इतिहासातली घेतली तर उत्तमच. फक्त गुण देताना शिक्षकांनी सजावटीला फार भुलू नये. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी आधी वाचाव्यात आणि निम्मे गुण त्यांच्यासाठीच राखून ठेवावेत.