हरलेल्या मतांचा हिशेब

मुळशीच्या डोंगरात, वरसगाव धरणाच्या काठावर लवासा आहे. इथला मतदार विधानसभेला भोर मतदारसंघात येतो आणि लोकसभेला बारामतीत. 2024च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीत सुप्रिया सुळे यांना 7 लाख 32 हजार मतं पडली, सुनेत्रा पवार यांना 5 लाख 73 हजार. कौल स्पष्ट होता. पण हरलेल्या बाजूच्या त्या पावणेसहा लाख मतांचं पुढे काय झालं? काहीच नाही. मोजणी संपली, तिथेच त्यांचं काम संपलं.

ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. बाकीच्यांची मतं वाया. ही पद्धत कधी एका आघाडीला पावते, कधी दुसरीला. त्याच लोकसभा निवडणुकीत राज्यात दोन्ही आघाड्यांना जवळपास सारखी मतं मिळाली, जागा मात्र महाविकास आघाडीला 30 आणि महायुतीला 17. सहा महिन्यांत पारडं फिरलं. विधानसभेत महायुतीला सुमारे 48 टक्के मतांवर 288पैकी 230 जागा मिळाल्या. शरद पवारांच्या पक्षाला 11 टक्क्यांहून अधिक मतं आणि 10 जागा. अजित पवारांच्या पक्षाला 9 टक्के मतं आणि 41 जागा. जास्त जागा लढवल्या की मतांची बेरीज वाढते, हे खरं. तरीही एवढी तफावत मतदाराला पटवून देणं अवघड आहे.

याला पर्याय म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व: जेवढी मतं, त्या प्रमाणात जागा. आणि ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही.

आमदार विधान परिषदेसाठी मतदान करतात तेव्हा फुली मारत नाहीत, नावांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितात. 12 जुलै 2024ला 11 जागांसाठी 12 उमेदवार होते आणि मतदार होते 274 आमदार. 274ला 12ने भागलं की येतात पावणेतेवीसहून थोडी जास्त मतं, म्हणून विजयाचा कोटा 23चा. कोट्यापेक्षा जादा मिळालेली मतं वाया जात नाहीत, ती पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. मिलिंद नार्वेकर यांना पहिल्या पसंतीची 22 मतं होती. ते दुसऱ्या पसंतीच्या जोरावर निवडून आले. राज्यसभेची निवडणूक याच रीतीने होते. महापालिकेच्या स्थायी समितीतही पक्षांना तौलनिक संख्याबळानुसारच जागा मिळतात. म्हणजे लोकप्रतिनिधी आपसांत जागा वाटतात तेव्हा प्रमाण पाळलं जातं. सामान्य मतदाराच्या वाट्याला मात्र ते येत नाही.

1937च्या निवडणुकीत ते काही अंशी आलं होतं. मुंबई इलाख्यात अनेक मतदारसंघ बहुसदस्य होते आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या एकवट मतदानाचा आग्रह धरला होता आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या निवडणुकीत दणदणीत यश मिळवलं. पुढे 4 जानेवारी 1949ला संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशीच पद्धत सुचवली, तेव्हा आंबेडकरांनीच ती नाकारली. त्यांची कारणं दोन होती: अशी पद्धत साक्षर मतदार गृहीत धरते, आणि तुकड्यातुकड्यांच्या सभागृहात स्थिर सरकार टिकत नाही.

त्यातलं पहिलं कारण काळाने मागे टाकलं आहे. 1951मध्ये देशात साक्षरता 18 टक्के होती. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्राची 82 टक्के भरली. दुसरं कारण आजही वजनदार आहे. पण जर्मनी, न्यूझीलंड, नेपाळ यांनी मधला मार्ग धरला. नेपाळच्या 275 जागांपैकी 165 थेट मतदारसंघांतून आणि 110 पक्षांच्या मतांच्या प्रमाणात भरल्या जातात. आपल्याकडेही विधी आयोगाने 1999च्या 170व्या अहवालात लोकसभेच्या जागा पाव पटीने वाढवून वाढीव जागा यादी पद्धतीने भराव्यात, असं सुचवलं होतं. ती शिफारस कागदावरच राहिली.

सुरुवात लोकसभेपासूनच करायला हवी असंही नाही. पुणे महापालिकेतले बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबतो. 'पॅनेल टू पॅनेल' मतदान झालं की 40 टक्के मतांचा पक्ष चारही जागा खिशात घालू शकतो आणि उरलेल्या 60 टक्क्यांचा एकही नगरसेवक उरत नाही. स्कॉटलंडमध्ये 2007पासून मुख्यतः तीन-चार सदस्यांच्या प्रभागांत पसंतीक्रमाने मतदान होतं. तिथे 40 टक्केवाल्यांना चारपैकी साधारण दोन जागा मिळतात, बाकीच्या इतरांकडे जातात. आपल्याकडे महिला आणि मागासवर्गीयांच्या आरक्षित जागा या मोजणीत कशा बसवायच्या, याचे नियम नीट आखावे लागतील. काम किचकट आहे, पण करता येण्याजोगं आहे.

लवासाला या प्रश्नाची एक वेगळी आठवणही आहे. 2008 ते 2017 या काळात लवासा उभारणारी कंपनीच इथलं विशेष नियोजन प्राधिकरण होती. नियोजनाचे अधिकार मतदाराने निवडलेली संस्था वापरत नव्हती. मतदाराच्या मताला वजन देण्याची सुरुवात गावापासूनही करता येईल. राज्यातल्या ग्रामपंचायतींत एकेका वॉर्डातून दोन-तीन सदस्य निवडले जातात. तिथे मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे आणायला बहुसदस्य वॉर्ड नव्याने आखावे लागणार नाहीत. बदलावे लागतील ते मत नोंदवण्याचे आणि मोजण्याचे नियम, आणि ते बदलणं विधिमंडळाच्या हातात आहे.