आकाशांतील अंतर आणि दारापासूनचा वेळ

मुंबई आणि नागपूर येथील विमानतळांमधलें सरळ अंतर सुमारें ६८५ किलोमीटर आहे. ही रेषा नकाशावर ओढली तर बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार हें गांव तिच्या दक्षिणेस जेमतेम तीस किलोमीटरवर येतें. उल्कापातानें झालेलें तेथील विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या कांठानें पायीं प्रदक्षिणा घालावयाची तर दीड-दोन तास हवेत. ताशी आठशें किलोमीटर वेगाच्या विमानास तेवढी रुंदी ओलांडावयास आठ सेकंद पुरतात. या हिशेबानें मुंबईहून नागपूर ५१ मिनिटांत यावयास हवें. वेळापत्रक मात्र सुमारें दीड तास सांगतें. मधलीं चाळीस मिनिटें जातात कोठें?

वेळापत्रकांतला वेळ विमान मुंबईस जागेवरून हललें तेव्हांपासून नागपुरास थांबेपर्यंतचा असतो. धांवपट्टीपर्यंत रांगत जाणें, तेथें पाळीची वाट पाहणें, दहा किलोमीटर उंच चढणें आणि पुन्हां उतरणें, या साऱ्यांत वेग कमी असतो. पुरा वेग मधल्या टप्प्यांतच मिळतो.

शिवाय आठशेंचा हा वेग भोंवतालच्या हवेच्या मानानें असतो, जमिनीच्या नव्हे. हिवाळ्यांत उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. वारा ताशी शंभर किलोमीटरचा असला तर नागपूरकडे जातांना वेग नऊशें होतो, परततांना सातशें. एवढ्याशा मार्गावर तेरा मिनिटांचा फरक पडतो. मुंबई-लंडन या सुमारें ७,२०० किलोमीटरच्या मार्गावर तो सहज तासाभराचा होतो, आणि मुलगा विलायतेस असलेल्या घरांत ‘येतांना वेळ कमी कसा लागला?’ हा प्रश्न दर खेपेस निघतो. त्या लांबीवर नकाशाही फसवितो. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला म्हणजे जवळची वाट कागदावरील सरळ रेषेहून उत्तरेकडे वळलेली दिसते.

नागपूरचें मध्यवर्ती स्थान फार पूर्वींच उपयोगीं पडलें होतें. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून टपाल घेऊन निघालेलीं विमानें रात्रीं नागपुरास एकत्र येत आणि पिशव्यांची अदलाबदल करून परतत. तेव्हांच्या डाकोटा विमानास मुंबईहून येण्यास अडीच तासांच्या आसपास लागत.

लोणारच्या रहिवाशास मात्र डोक्यावरील विमानाचा उपयोग नाहीं. विमान गांठावयाचें तर प्रथम छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा विमानतळापर्यंत सुमारें दीडशें किलोमीटरचा रस्ता, म्हणजे तीन तास. तपासणीसाठीं तास-दीड तास आधीं पोंचणें, मुंबईपर्यंत तासाभराचें उड्डाण, मग सामान घेऊन शहरांत शिरणें. सहा-सात तास झालेच. मेहकरजवळून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाल्यावर मोटारीनेंही मुंबईस साधारण तितकाच वेळ लागतो. नागपुरास जाणाऱ्यानें तर चिकलठाण्याचा विचारच करूं नये. तें उलट दिशेस आहे.

आजारी माणसास मुंबईच्या रुग्णालयांत न्यावयाचें असतां उड्डाणाचीं मिनिटें मोजण्यांत अर्थ नाहीं. दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजावा, आणि चिकलठाण्याहून त्या दिवशीं विमान किती वाजतां सुटतें तें आधीं पाहावें. तें चुकलें तर पुढच्याची वाट पाहण्यांत मोटार मुंबईस पोंचलेली असेल.