घर ओढणारा लोखंडी गोळा

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड पश्चिम द्रुतगती महामार्गाला जिथे मिळतो, तिथे पदपथावर थोडा वेळ उभे राहिलात तर एक गंमत पाहायला मिळेल. लांबलचक कंटेनर घेऊन एखादा ट्रेलर वळण घेऊ लागतो. चालकाची केबिन पार आडवी वळलेली असते, तरी मागचा कंटेनर अजून सरळच चाललेला असतो. मग तोही हळूहळू वळतो, आणि तोही कसा? पुढच्या चाकांच्या वाटेने नव्हे, तर कोपरा जवळ करीत. म्हणून अशा वळणावर ट्रेलरच्या आतल्या बाजूला सायकल किंवा स्कूटर घालणे जिवावर बेतते.

पुढचा भाग आणि मागचा भाग यांना जोडणारी वस्तू आकाराने अगदी लहान असते. मागच्या भागाच्या तळातून एक जाड पोलादी खुंटी खाली आलेली असते. तिचा व्यास सामान्यतः दोन इंच. पुढच्या भागावर वंगण फासलेली एक जाड तबकडी असते. तिच्या खाचेत खुंटी शिरली की आकडा मिटतो. या तबकडीला म्हणतात ‘पाचवे चाक’! घोडागाडीच्या काळात पुढची आस वळावी म्हणून तिच्यावर एक आडवे चाक बसवीत. तेच नाव पुढे चालत आले. 1914 साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रूहाउफ नावाच्या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची होडी नेण्यासाठी फोर्ड मोटारीला जोडायची मागची गाडी तयार केली. आजच्या ट्रेलरच्या पूर्वजांत तिची गणना होते.

आता कंटेनरच्या जागी एक छोटी खोली आहे अशी कल्पना करा. आत बिछाने, ओटा, पाण्याची टाकी. मोटारीच्या मागे जोडायची आणि कोकणात जायचे. अशा फिरत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. काही कॅराव्हॅन स्वतःच्या इंजिनावर चालतात, काही मोटारीमागून ओढून न्याव्या लागतात. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही कानावर पडू लागला आहे. नवी घेणे परवडत नसेल तर लोक जुनी शोधतात. पण जुनी घ्या की नवी, पहिला प्रश्न रंगाचा किंवा पडद्यांचा नसतो. मागच्या घराचा किती भार जोडावर टेकतो, हा खरा प्रश्न!

याचे उत्तर आपल्या गाडीवानांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीत माल भरताना तो आसाच्या मागे जास्त झाला तर गाडी उलाळते. जू वर उचलले जाते आणि बैलांना गाडी आवरत नाही. पुढे जास्त झाला तर बैलांच्या माना दबतात. म्हणून कसलेला गाडीवान माल असा रचतो, की जुवावर थोडासाच भार येईल. ओढून न्यायच्या कॅराव्हॅनचा नियमही हाच आहे. अमेरिकेत एकूण वजनाच्या शेकडा 10 ते 15 इतका भार जोडावर असावा असे सांगतात. युरोपात मोटारी लहान, म्हणून शेकडा 7 च्या आसपास पुरेसा मानतात.

थोडे गणित करू. कॅराव्हॅनचे वजन 1000 किलोग्रॅम आहे. जोडापासून तिची आस 3 मीटर मागे आहे आणि गुरुत्वमध्य आसाच्या 30 सेंटिमीटर पुढे आहे. तरफेच्या नियमाने जोडावरचा भार = 1000 × 30 ÷ 300, म्हणजे 100 किलोग्रॅम. शेकडा 10, छान! आता आसाच्या दीड मीटर मागे असलेल्या टाकीत 60 लिटर पाणी भरा. 60 × 150 ÷ 300 = 30. जोडावरचा भार वाढला नाही, उलट 70 वर आला. मग अगदी मागे, आसापासून 2 मीटरवर, 40 किलोग्रॅम वजनाच्या सायकली बांधा. आणखी सुमारे 27 किलोग्रॅम गेले. उरले 43, आणि गाडीचे वजन मात्र झाले 1100. म्हणजे शेकडा चारच्याही आत आलो! कागदावर निर्दोष असलेली गाडी केवळ सामान रचण्याने धोकादायक झाली.

धोका कसला? मागची गाडी झुलू लागण्याचा. वाऱ्याचा झोत किंवा खड्डा यांमुळे ती किंचित तिरकी होते. टायर रस्त्याला घासून तिला परत ओळीत आणतात, ती थोडी पलीकडे जाते, पुन्हा येते. वेग कमी असेल तर प्रत्येक झोक्याबरोबर टायर तिची शक्ती खातात आणि झोके विरतात. वेग वाढला की ही शक्ती खाणे कमी कमी होत जाते. एका ठरावीक वेगाच्या पुढे झोके विरण्याऐवजी मोठे होऊ लागतात आणि शेवटी शेपूट कुत्र्याला हलवते, तशी मागची गाडी मोटारीलाच फेकू लागते. मागे जड असलेल्या गाडीत हा वेग फार लवकर गाठला जातो. अशा वेळी चालकाने सुकाणू झटकायचे नाही आणि वेगही वाढवायचा नाही. सुकाणू सरळ धरून गती हळूहळू उतरू द्यायची. खंडाळ्याच्या घाटासारख्या उतारावर हे आणखी कठीण होते, कारण तिथे मागची गाडी पुढच्या गाडीला ढकलत असते. पेन्सिलीला पुढून दोरा बांधून ओढा, ती सरळ येते. मागून बोटाने ढकला, ती फिरते. फरक लगेच कळेल.

मग पाण्याच्या टाकीइतकेच वजन पुढच्या टोकाला ठेवले तर? जोडावरचा भार पुन्हा बरोबर होईल. पण इथेच पुष्कळ लोक फसतात. एक फूटपट्टी घ्या. तिच्या मधोमध, चिमटीच्या दोन्ही बाजूंना लागून, भिजवलेल्या मातीचे दोन गोळे चिकटवा आणि पट्टी मधोमध धरून मनगटाने इकडे तिकडे फिरवा. आता तेच गोळे दोन टोकांना लावा आणि पुन्हा फिरवा. वजन तेच, तोलही तोच, पण पट्टी फिरवायला आणि फिरलेली थांबवायला किती जड जाते! कॅराव्हॅनचेही तसेच. जड वस्तू आसाच्या आसपास आणि जमिनीलगत हव्यात. टोकांना उशा नि चादरी ठेवा.

जोडावर भार कमी नको, तसा जास्तही नको. ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर उचललेली तुमच्यापैकी सांगली-कोल्हापूरकडच्यांनी पाहिली असतील. मोटारीतही हेच घडते, फक्त दिसत नाही. जोड मागच्या आसाच्या एक मीटर मागे आहे आणि दोन्ही आसांत अडीच मीटर अंतर आहे असे समजा. जोडावर 100 किलोग्रॅम टेकले की मागच्या चाकांवर 140 वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे 40 कमी होतात. वळवणारी चाके तीच! यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे भार पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्या लावलेला जोड. दुसरा म्हणजे पाचवे चाक. ते मागच्या आसाच्या जवळजवळ वरच बसते, त्यामुळे पुढचा भाग उचलला जात नाही. पण त्याला मालवाहू पिकअपसारखी मागे मोकळी गाडी लागते. साध्या मोटारीला लहान कॅराव्हॅन आणि गोळ्याचा जोड हेच योग्य, असे माझे मत आहे.

गोळ्याचा जोड म्हणजे मोटारीच्या मागे लोखंडी गोळा आणि कॅराव्हॅनच्या दांड्याला त्यावर बसणारी वाटी. युरोपात गोळ्याचा व्यास 50 मिलिमीटर असतो. अमेरिकेत 2 इंची म्हणजे 50.8 मिलिमीटरचा गोळा असतो, आणि पावणेदोन इंचांहून थोडा मोठा, 47.6 मिलिमीटरचाही असतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. दोन इंची वाटीत 47.6 चा गोळा बसतो, कडीही लागते. मग पहिल्या मोठ्या गतिरोधकावर वाटी उडून बाहेर येऊ शकते! जुनी कॅराव्हॅन घेताना वाटीवर कोरलेला आकडा वाचावा आणि गोळा कॅलिपरने मोजावा. गोळा एका बाजूने झिजून चपटा झाला असेल तर तो बदलावा.

जोगेश्वरीच्या पश्चिमेला, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जाणकार गिऱ्हाईक कपाटाची पॉलिश पाहत नाही. मागची फळी ठोकून पाहते. जुन्या कॅराव्हॅनलाही तसेच ठोकावे. छताच्या सांध्यातून पाणी झिरपून आतले लाकूड कुजलेले असते, वर मात्र नवा कागद चिकटवलेला! कोपऱ्यात पाय दाबला की जमीन मऊ लागते. खाली वाकून दांड्याच्या जोडकामाला तडे गेलेत का, आणि गंज वरवरचा आहे की खोल, तेही पाहावे. टायरची नक्षी नवी दिसली म्हणून फसू नये. अशा गाड्या वर्षातले कित्येक महिने उभ्या असतात. टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा.

जोडाच्या दोन बाजूंना साखळ्याही असतात. त्या समांतर न लावता दांड्याखालून फुली करून अडकवतात, आणि वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्याच सैल ठेवतात. गोळ्यावरून वाटी सुटलीच, तर दांडा रस्त्यात न रुतता त्या फुलीत झोळीसारखा अडकतो.