वळलेला कोन आणि विश्वाचा अक्ष

गैरसमज: विश्वाला स्वतःचा अक्ष आहे, आणि रेडिओ लहरींच्या ध्रुवणातून (लहरींच्या कंपनाच्या दिशेतून) तो सापडला आहे.

वस्तुस्थिती: १९९७ मध्ये नॉडलँड आणि रॅल्स्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी १६० रेडिओ दीर्घिकांच्या जुन्या नोंदींवरून असा दावा केला, आणि बातमी जगभर गाजली. काही महिन्यांतच तो कोसळला. वॉर्डल, पर्ली आणि कोहेन या खगोलशास्त्रज्ञांनी दूरच्या क्वेसारांच्या बारकाईने टिपलेल्या रेडिओ प्रतिमा तपासल्या, तर ध्रुवणाची दिशा स्रोताच्या रचनेशी हवी तशीच जुळत होती. दाव्यात म्हटलेले ध्रुवणाचे जास्तीचे वळण कुठेच नव्हते. हे खंडन मात्र दाव्याइतके गाजले नाही. आजही अधूनमधून कुणीतरी 'विश्वाचा अक्ष' उकरून काढतोच.

मुळात दुर्बिणीला दिसणारा ध्रुवणाचा कोन हा लहर निघाली तेव्हाचाच कोन, असे समजणे चूक. वाटेत चुंबकीय क्षेत्र आणि मोकळे इलेक्ट्रॉन भेटले की ध्रुवणाचे प्रतल वळते. फॅरेडेने हा परिणाम १८४५ मध्ये काचेत पाहिला होता. हे वळणे तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वाटेवरच्या या क्षेत्राचा आणि इलेक्ट्रॉनांचा मिळून 'वळण-अंक' दर चौरस मीटरला ५० रेडियन धरला, तर ६ सेंटिमीटरच्या लहरी जेमतेम १० अंश वळतात, २१ सेंटिमीटरच्या सुमारे १२६ अंश. म्हणून अनेक तरंगलांबींवर मोजून मूळ कोन काढावा लागतो. दोनच घेतल्या तर घोळ होतो: ध्रुवणात शून्य आणि १८० अंश एकच, त्यामुळे मधे किती अर्धे फेरे झाले ते कळत नाही.

ध्रुवण कमी म्हणजे चुंबकीय क्षेत्र क्षीण, हाही घाईचा निष्कर्ष. क्षेत्र अगदी एकसारखे असेल तर सिंक्रोट्रॉन प्रारण (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांच्या लहरी) ७० टक्क्यांहून अधिक ध्रुवित असू शकते; अख्ख्या क्वेसारचे मोजले तर बहुधा काही टक्केच भरते. क्षेत्र जोरदार पण विस्कटलेले असले की वेगवेगळ्या कोनांच्या लहरी एकमेकींना खोडतात.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीसारख्या, लांब लहरी ऐकणाऱ्या दुर्बिणींना हे सगळे जास्तच जाचते. तिथल्या ४९ सेंटिमीटरवर वरचाच वळण-अंक जवळपास दोन पूर्ण फेरे देतो. म्हणून तरंगलांबींच्या पट्ट्याचे अरुंद तुकडे पाडून मोजतात, नाहीतर एकाच पट्ट्यातले कोन परस्परांना पुसतील. शिवाय आपल्याच आयनांबराचे वळण वजा करायचे, आणि ते दिवसा वेगळे, रात्री वेगळे.