विश्लेषण : मीटर ते मेन स्विच… इमारतीतील वायरिंगची जबाबदारी नेमकी कुणाची?

इमारतीला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ पुढे पंचनामा होतो, नेत्यांच्या भेटी होतात, फायर ऑडिटची घोषणा होते. ते वायरिंग कुणी केले होते, शेवटचे कधी तपासले होते आणि तपासणे कुणाचे काम होते, हे प्रश्न मात्र तसेच राहतात. त्यांची उत्तरे नियमांत आहेत. पण ती महापालिका, राज्याचे विद्युत निरीक्षक, वीज वितरण कंपनी आणि गृहनिर्माण संस्था अशा चौघांत विभागली गेली आहेत. रहिवाशांना वाटते त्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या पदरात पडलेला वाटा बराच मोठा आहे.

महापालिका इमारतीचे वायरिंग तपासते का?

बहुतेकांची समजूत तशी आहे, पण प्रत्यक्षात घराघरांतील वायर महापालिकेचा अभियंता तपासत नाही. मुंबईसाठी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आणि राज्याच्या बहुतेक भागासाठी २०२०ची एकत्रीकृत नियमावली (यूडीसीपीआर) लागू आहे. विजेच्या कामांसाठी या नियमावल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेकडे म्हणजे एनबीसीकडे बोट दाखवतात. मीटर रूम कुठे असावी, रोहित्रासाठी किती जागा सोडावी, अग्निशमन पंपाला स्वतंत्र वीजपुरवठा आहे का, या गोष्टी नकाशा मंजूर करताना आणि अग्निशमन दलाच्या अंतिम ना हरकत प्रमाणपत्राच्या वेळी पाहिल्या जातात. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, की भिंतीतल्या तारांशी महापालिकेचा थेट संबंध जवळपास संपतो.

त्यानंतर उरतो तो ‘फॉर्म बी’. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीचा मालक किंवा ताबेदार यांनी दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन दलाला सादर करायचे असते. कायदा मोडल्यास कैद आणि दंडाची तरतूद आहे. धोका गंभीर असेल तर इमारतीचे वीज-पाणी तोडण्याचे अधिकारही दलाला आहेत.

इथेच घोळ होतो. फॉर्म बी म्हणजे हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्म, अग्निशामक सिलिंडर यांची हमी. आग लागल्यावर कामाला येणारी साधने ठीक आहेत, एवढेच तो सांगतो. आग जिथून लागू शकते ती मीटर रूममधली जुनी केबल कशी आहे, हे तो सांगत नाही. ‘आमचा फॉर्म बी भरलेला आहे, म्हणजे वायरिंग पास आहे’ असे सांगणारे सचिव चूक करत आहेत.

मग वायरिंगचे नियम कुठे आहेत?

विद्युत अधिनियम, २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांमध्ये. पूर्वी १९५६ची भारतीय विद्युत नियमावली होती. तिची जागा २०१०च्या विनियमांनी घेतली आणि आता २०२३चे विनियम लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी राज्यात ऊर्जा विभागाचे विद्युत निरीक्षक करतात. हे कार्यालय महापालिकेचे नाही आणि महावितरणचेही नाही.

या विनियमांतील सर्वात साधा आणि सर्वाधिक मोडला जाणारा नियम असा की, ग्राहकाच्या जागेतील वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचे. त्याच्या कामावर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक हवा आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या वायरमनकडे (आयटीआयच्या भाषेत ‘तारतंत्री’कडे) परवाना हवा. बल्ब, पंखा किंवा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे यातून वगळली आहेत. पण स्वयंपाकघर नव्याने करताना इंटिरिअरवाल्याने सोबत आणलेल्या माणसाने भिंत खोदून नवी लाइन टाकली, तर ते किरकोळ काम ठरत नाही. फर्निचरच्या बिलात ‘इलेक्ट्रिकल’ अशी एक ओळ असते, तिच्याखाली परवाना क्रमांक नसतो आणि कुणी तो विचारतही नाही.

नवी जोडणी देताना किंवा भार वाढवून देताना वितरण कंपनीने ग्राहकाची मांडणी स्वतः तपासायची असते किंवा परवानाधारक ठेकेदाराने सही केलेला चाचणी अहवाल स्वीकारायचा असतो. व्यवहारात दुसरा पर्यायच चालतो. चाचणीतला मुख्य भाग म्हणजे इन्सुलेशन : मेगर नावाच्या उपकरणाने तारा आणि अर्थिंग यांच्यामध्ये ५०० व्होल्ट एक मिनीट देऊन पाहायचे, रोध किमान एक मेगाओहम आला पाहिजे. अहवालात हा आकडा खरोखर मोजून लिहिला आहे की नुसता भरला आहे, हे कागदाकडे पाहून कळत नाही. म्हणून मेगर लावताना समितीतल्या एकाने शेजारी उभे राहणे शहाणपणाचे.

मीटरच्या पलीकडे कोण जबाबदार?

वितरण कंपनी मुंबईत बेस्ट, अदानी वा टाटा असो किंवा राज्यात इतरत्र महावितरण, तिची जबाबदारी तिच्या स्वतःच्या वाहिन्या, कट-आऊट आणि मीटरपर्यंत. त्यापुढची मांडणी सुरक्षित ठेवणे हे ग्राहकाचे काम, असे विनियम स्पष्ट सांगतात.

पण ‘ग्राहक’ म्हणजे कोण? तळमजल्यावरच्या मीटरपासून पाचव्या मजल्यावरच्या घरापर्यंत जी तार जिन्यातून वर जाते, ती घरमालकाची की सोसायटीची? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर आहे. संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांच्या यादीत ‘सदनिकेतील मेन स्विचपर्यंतच्या विद्युतवाहिन्या’ येतात. म्हणजे मीटर ते घरातला मेन स्विच हा टप्पा सोसायटीचा आणि मेन स्विचच्या पुढचे सगळे सभासदाचे.

नेमका हा मधला टप्पाच सर्वात दुर्लक्षित आहे. सभासद घराचे नूतनीकरण करतो तेव्हा आतले वायरिंग नवे होते, पण खालून येणारी तार इमारतीच्या जन्माची राहते. जुन्या इमारतींत ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते. तिला तांब्याची नवी तार योग्य लग न लावता नुसती पीळ देऊन जोडली, तर तो सांधा काळाने गंजतो, सैल होतो आणि तापतो. सोसायटीच्या सभेत लिफ्ट, गळती आणि रंगकामावर तासन् तास चर्चा होते. या तारेचा विषय सहसा आगीनंतरच निघतो. त्यात नियमांतली एक त्रुटीही आहे. इमारतीचे वय १५ वर्षांच्या पुढे गेले की पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांच्या पुढे गेले की तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावे, असे आदर्श उपविधी सांगतात. वायरिंगसाठी वयाप्रमाणे असा तक्ता त्यांत नाही. खांब म्हातारे होतात हे मान्य आहे. तारांचे वय मात्र कुणी मोजत नाही.

एमसीबी असूनही आग कशी लागते?

उदाहरणादाखल १६ घरांची जुनी इमारत घेऊ. बांधली तेव्हा प्रत्येक घराला एक किलोवॉट धरला, तर एकूण १६ किलोवॉट. आज एका घरात दोन किलोवॉटचा गीझर, दीड टनाचा एसी (सुमारे १.७ किलोवॉट) आणि दोन किलोवॉटची इंडक्शन शेगडी एकाच वेळी सुरू असेल, तर भार ५.७ किलोवॉट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास २५ अँपिअर. १६पैकी निम्म्याच घरांत हे घडले, तरी बेरीज ४५ किलोवॉटच्या वर जाते. मुख्य केबल आणि बसबार मात्र तेच. प्रवाह जवळपास तिप्पट झाला की एखाद्या सांध्यावर निर्माण होणारी उष्णता तिप्पट होत नाही, आठपट होते. कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

एमसीबीचे काम तारेला जास्त प्रवाहापासून वाचवणे. म्हणून तिची क्षमता तारेच्या क्षमतेपेक्षा कमी असावी लागते. ‘सारखी पडते’ म्हणून १६ अँपिअरची एमसीबी काढून ३२ची बसवली, की आधी तार तापते, एमसीबी नंतर कधीतरी पडते. याहून फसवा प्रकार सैल सांध्याचा. तिथे प्रवाह नेहमीइतकाच असतो, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळे ठीक असते. तापत असतो फक्त तो एक स्क्रू. आवरण वितळते, तारा एकमेकींना टेकतात आणि मग शॉर्टसर्किट होते. बातमीत कारण म्हणून छापले जाणारे शॉर्टसर्किट अनेकदा असे शेवटचे पाऊल असते. बोर्डाजवळ जळका वास, पिवळा पडलेला सॉकेट, दिव्याची फडफड ही त्याआधीची पावले.

आरसीसीबीचे काम वेगळे आहे. तारेतून बाहेर गळणारा प्रवाह ती पकडते आणि माणसाला शॉक बसत असताना पुरवठा तोडते. अगदी लहान भाराच्या जोडण्या वगळता घरगुती जोडणीला ३० मिलीअँपिअरवर तुटणारे असे संरक्षण विनियमांना अपेक्षित आहे. जुन्या असंख्य घरांत ते नाही. जिथे आहे तिथे त्यावरचे ‘टी’ लिहिलेले चाचणीचे बटण वर्षानुवर्षे कुणी दाबलेले नसते.

उंच इमारतींना वेगळे नियम आहेत का?

आहेत. १५ मीटरपेक्षा उंच इमारतींत पुरवठा जिथे आत येतो तिथे सहज दिसेल, हाताला येईल अशा जागी संपूर्ण इमारतीची वीज एकाच वेळी तोडणारा स्विच हवा. विजेच्या केबल ज्या डक्टमधून वर जातात तिथून पाण्याचे पाइप किंवा इतर कोणत्याही सेवांच्या केबल नेता येत नाहीत. प्रत्येक मजल्यावर जिथे केबल स्लॅब ओलांडते तिथे अग्निरोधक अडसर हवा. केबल कमी धूर सोडणाऱ्या, हॅलोजनमुक्त प्रकारच्या हव्यात.

आता कोणत्याही इमारतीतील डक्टचे दार उघडून पाहावे. इंटरनेटच्या, डिश टीव्हीच्या, सीसीटीव्हीच्या वायरींचे भेंडोळे आत असते. नवी वायर ओढायला म्हणून स्लॅबमधला अडसर फोडलेला असतो आणि पुन्हा कुणी बुजवलेला नसतो. अशी डक्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंतची चिमणी. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्यावर ठेवलेले कापड आणि वाहने पेटली. त्या दुर्घटनेत सात जणांचा जीव गेला. आग खालीच असली तरी धूर वर झोपलेल्या माणसांना किती झटपट गाठतो, हे त्या पहाटे दिसले. डक्ट मजल्यामजल्यावर बंद ठेवण्याचा नियम त्याचसाठी आहे, आणि तो पाळण्याचा खर्च लिफ्टच्या एका मोठ्या दुरुस्तीपेक्षा सहसा कमी असतो.

सोसायटी आणि सभासदांना काय करता येईल?

सुरुवात वीजबिलापासून करता येते. त्यावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. घरातील उपकरणांची बेरीज त्याच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा. लोक स्थिर आकार वाढेल म्हणून टाळतात, पण या अर्जासोबतच चाचणी अहवाल लागतो आणि एरवी न होणारी तपासणी त्या निमित्ताने होते.

मीटर रूममधील वितरण कंपनीच्या भागात ठिणग्या, जळके कट-आऊट किंवा उघड्या तारा दिसल्या, तर तक्रार कंपनीकडे लेखी द्यावी आणि तिची पोच ठेवावी. सोसायटीच्या हद्दीतील धोकादायक मांडणीबद्दल समिती ऐकत नसेल, तर सभासदाला जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे जाता येते. डक्ट उघडी असणे, जिन्यात किंवा मीटर रूममध्ये सामान व दुचाकी ठेवणे हा विषय अग्निशमन दलाचा. विजेमुळे कुणी दगावले किंवा जखमी झाले, तर विद्युत निरीक्षकांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांत नोंद झाली म्हणून ते आपोआप होत नाही.

समितीसाठी पहिले काम कागदाचे आहे. नवी समिती पदभार घेते तेव्हा तिच्या हाती फॉर्म बीच्या प्रती येतात, लिफ्टची कागदपत्रे येतात. कोणत्या मीटरची तार कोणत्या डक्टमधून कोणत्या घरात जाते, तिचा आकार किती आणि ती कधी बदलली, याचा आराखडा मात्र अनेक सोसायट्यांत बिल्डरकडून कधी मिळालेलाच नसतो. परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी करून घेताना तो काढून घ्यावा आणि त्याची एक प्रत मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावी. रात्री अडीच वाजता अग्निशमन दलाचा जवान ‘मेन स्विच कुठे आहे?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर देणारा बहुतेक वेळा वॉचमन असतो, आणि तो गेल्याच महिन्यात कामाला लागलेला असतो.